बॅकअप आहे हो, पण तो परत कोण आणणार?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. जून महिना, पाऊस नुकताच धरलेला. शुक्रवारी रात्री वीज गेली, आली, पुन्हा गेली. गोव्यात राहणाऱ्याला यात नवल वाटायचे कारण नाही. सोमवारी कचेरीत आलो तर आमचा सर्व्हर उठेना. कंत्राटावरचा सिस्टीमवाला मुलगा धावत आला. मुलगा हुशार आणि नम्र, हाक मारली की येणारा. त्याच्या टेबलामागच्या भिंतीवर तीन प्रमाणपत्रे चौकटीत लावलेली. तासभर खटपट करून तो म्हणाला, डिस्क गेली. साहेबांनी विचारले, बॅकअप? "आहे ना सर, रोज रात्री होतो." आमचा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

संध्याकाळी तो भांड्यातून बाहेर आला. बॅकअप रोज रात्री होत होता हे खरेच होते. पण अकरा महिन्यांपूर्वी सगळी माहिती नव्या फोल्डरात हलवली होती आणि बॅकअप मात्र जुन्याच फोल्डरचा चालू होता. म्हणजे अकरा महिने, रात्रीमागून रात्र, एक ओसाड फोल्डर इमानेइतबारे कॉपी होत होता आणि पडद्यावर रोज सकाळी "यशस्वी" असा शेरा उमटत होता. तो बॅकअप एकदाही कुणी उघडून पाहिला नव्हता.

पुढचे दीड महिना आम्ही चार कारकून कागदी आवक रजिस्टरावरून नोंदी पुन्हा टंकत बसलो. त्या दिवसांत सत्तरीतल्या एका गावाहून एक विधवा बाई तीनदा आली. नवऱ्याच्या पेन्शनच्या थकबाकीचा अर्ज होता. प्रत्येक वेळी दोन बसगाड्या बदलून यायची आणि खिडकीशी उभी राहून विचारायची, "सायबा, म्हजो कागद आसा मूं?" मी काय सांगणार? कागद होता, पण तो आहे हे सांगणारी नोंद नव्हती. शेवटी तिने प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेली पोचपावती काढली म्हणून तिची फाईल सापडली. ज्यांनी पावती हरवली होती त्यांचे हाल विचारू नका.

हे सगळे आज सांगायचे कारण वेगळे आहे. त्या मुलाचे कंत्राट संपल्यावर नव्या माणसासाठी एक लेखी चाचणी घ्यायचे ठरले. प्रश्न ठरवायला एक छोटी समिती बसली. मी बी.ए., विषय मराठी; माझे काम फक्त इतिवृत्त लिहिण्याचे. बाहेरून आलेल्या सल्लागाराने शंभर प्रश्नांची यादी टेबलावर ठेवली. अमुक सेवेचा पोर्ट क्रमांक कोणता? तमुक अक्षरसमूहाचे पूर्ण रूप काय? या कमांडला कोणते अक्षर जोडले म्हणजे लपलेल्या फायली दिसतात? चार पर्याय, एकावर खूण. मी यादी वरपासून खालपर्यंत वाचली. त्यात "बॅकअप" हा शब्द दोनदा होता, आणि परत आणण्याबद्दल एक अक्षर नव्हते. न राहवून मी तसे बोललो. तेव्हा एक वरिष्ठ माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमकां हातूंतलें कितें कळटा?"

प्रश्न रास्त होता. मग मी घरी जाऊन वाचायला घेतले. जगभरच्या अशा परीक्षांचे अभ्यासक्रम सगळ्यांना वाचायला मोकळे असतात, त्यासाठी संगणकाची पदवी लागत नाही. जे वाचले ते आज वाचकांपुढे ठेवतो, कारण माझे मत असे झाले आहे की सिस्टीम सांभाळणाऱ्याच्या परीक्षेत काय असावे हा प्रश्न एकट्या तज्ज्ञांवर सोडण्यासारखा नाही.

आधी हे विषय ठरतात कसे ते पाहू. पद्धत तशी शहाणपणाची आहे. प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना कामांची लांब यादी देतात आणि विचारतात, हे काम तुम्ही किती वेळा करता? ते किती महत्त्वाचे? उत्तरे गोळा करून प्रत्येक विषयाला वजन देतात. बीएसडी या युनिक्स घराण्यातल्या प्रणालींसाठी २००५ साली एक गट स्थापन झाला, त्याने त्याच वर्षी असे सर्वेक्षण करून मग परीक्षा बांधायला घेतली. लिनक्सच्या जगात १९९९ साली स्थापन झालेली लिनक्स प्रोफेशनल इन्स्टिट्यूट, म्हणजे एलपीआय, आहे. तिच्या परीक्षेत साठ प्रश्न, नव्वद मिनिटे, आणि प्रत्येक मुद्द्यापुढे त्याचे वजन छापलेले. कोणत्या मुद्द्यावर साधारण किती प्रश्न येणार हे आधीच कळते. आमच्या सल्लागाराच्या शंभर प्रश्नांपेक्षा हे शतपटीने बरे. निदान काहीतरी हिशेब आहे, आणि तो चारचौघांत मांडलेला आहे.

पण हिशेब मांडला म्हणजे तो वाचता येतो, आणि वाचला की प्रश्न पडतात. एलपीआयची पहिली पायरी एलपीआयसी-१. तीत दोन परीक्षा. २०१८ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीचा अभ्यासक्रम पाहा. फायली एकत्र बांधून ठेवायची 'टार' नावाची कमांड त्यात आहे. पण बॅकअप नीट घेणे, तो धड आहे का तपासणे आणि परत आणणे असा स्वतंत्र मुद्दा पहिल्या पायरीवर नाही. तो आहे एलपीआयसी-२ मध्ये, दुसऱ्या पायरीवर, वजन तीन. म्हणजे गाठोडे बांधायला पहिल्या इयत्तेत शिकायचे आणि सोडायला दुसरीत! आता मला सांगा, तालुक्याच्या कचेरीत, शाळेत, पतसंस्थेत जो एकटा मुलगा बसतो तो कोणत्या पायरीचा असतो? पहिल्याच. दुसऱ्या पायरीचा माणूस आपल्या पगारात आपल्याकडे येत नाही, तो बंगळूरला जातो.

त्याच दुसऱ्या पायरीवर आणखी एक मुद्दा आहे. यंत्रणेत बिघाड असेल किंवा ती बंद ठेवायची असेल तर वापरणाऱ्यांना कळवणे. त्याचे वजन एक. साठातला एक. आणि तिथेही अपेक्षा आहे ती निरोप पडद्यावर झळकवणाऱ्या कमांडा आणि फायली माहीत असण्याची. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या बाईला काय सांगायचे, किती वाजेपर्यंत थांबायला सांगायचे, हे कळवण्यात येत नसावे. पहिल्या पायरीवर छपाईयंत्र सांभाळण्याला सुद्धा वजन दोन आहे.

हे असे का झाले याचे कारण मला पद्धतीतच दिसते. "किती वेळा करता?" असे विचारले की रोजचे काम वर चढते. पासवर्ड बदलून देणे, जागा मोकळी करणे, प्रिंटर चालू करणे. जे काम पाच वर्षांत एकदा येते ते यादीत खाली घसरते, आणि घर बुडते ते नेमके त्या एका दिवशी. दुसरे म्हणजे विचारतात कुणाला? काम करणाऱ्याला आणि त्याला नोकरीवर ठेवणाऱ्याला. ज्याचे काम अडते त्याला कुणी विचारत नाही.

आपल्याकडे खाजन शेती आहे. भरतीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून बांध आणि बांधात मानस. मानशीची दारे भरतीच्या पाण्यानेच मिटतात आणि ओहोटीला उघडतात. वर्षातले बहुतेक दिवस माणसाने तिथे काही करावे लागत नाही. अशा ठिकाणी माणूस नेमताना "तुम्ही रोज काय करता?" असे विचारून परीक्षा काढली तर काय निघेल? बसून राहतो, मासे धरतो. पण अमावस्येच्या उधाणात, रात्री, ओंडका अडकून दार मिटत नाही, किंवा बांधाला भगदाड पडते, तेव्हा चिखल, पेंढा आणि दगड घेऊन पाण्यात उतरायचे कसे हे ज्याला येते तो खरा माणूस. मिठाचे पाणी एकदा शेतात शिरले की ती जमीन लगेच पिकत नाही. गावकरीच्या जुन्या जाणत्यांना हे कुणी शिकवावे लागले नव्हते. आपल्या समित्यांना मात्र शिकवावे लागते.

कुणी म्हणेल, एका कचेरीच्या अनुभवावरून जगाला शहाणपण शिकवू नका. बरे, मोठ्यांचे पाहू. गिटलॅब ही कंपनी जगभरच्या प्रोग्रामरांचे काम सांभाळते. ३१ जानेवारी २०१७ रोजी तिथल्या एका अनुभवी माणसाने रात्रीच्या धांदलीत चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेस पुसायची कमांड दिली. चूक लक्षात येईपर्यंत सुमारे ३०० जीबी माहिती गेली. चूक कुणाकडूनही होते, तिच्याबद्दल मी बोलत नाही. बॅकअपच्या एकूण पाच तऱ्हा होत्या आणि ऐन वेळी त्यातली एकही धड उपयोगी पडेना. मुख्य बॅकअप घेणारा प्रोग्राम डेटाबेसपेक्षा जुन्या आवृत्तीचा असल्यामुळे रोज अपयशी ठरत होता. अपयशाची सूचना देणारी ईमेल जात होती, पण ती पलीकडे नाकारली जात होती, म्हणून कुणाला पत्ता नाही. योगायोगाने सहा तास आधी एकाने दुसऱ्याच कामासाठी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर निभावले. त्या कंपनीने हे सगळे स्वतःच जाहीर लिहून सांगितले, हा तिचा मोठेपणा. आमच्या ओसाड फोल्डराची ही थोरली बहीणच म्हणायची. आणि त्या माणसांना पोर्ट क्रमांक पाठ नव्हते असे कुणी म्हणणार नाही.

दुसरे उदाहरण तर ताजे आहे. १९ जुलै २०२४. क्राउडस्ट्राइक कंपनीची एक सदोष फाईल जगभर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडून बसले. आपल्या देशातल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून देण्याची पाळी आली. उपाय काय होता? अनेक ठिकाणी एकेका यंत्रापाशी जायचे, ते सेफ मोडमध्ये चालू करायचे, एक फाईल पुसायची, पुन्हा चालू करायचे. डिस्क कुलूपबंद असेल तर आधी तिची किल्ली शोधायची. "आता सगळे आपोआप होते, हाताने कशाला शिकायचे" असे म्हणणाऱ्यांनी तो दिवस आठवावा. ज्यांनी किल्ल्या नीट लिहून ठेवल्या होत्या ते लवकर सुटले असणार. किल्ली कुठे लिहून ठेवावी हा तर सरळसरळ कारकुनी प्रश्न आहे!

आता घोकंपट्टीबद्दल. आपण सगळे अपेक्षित प्रश्नसंच वाचून पास झालेले लोक, त्यामुळे हा रोग आपल्याला लगेच ओळखू येतो. गेल्या शतकाच्या अखेरीस मायक्रोसॉफ्टच्या एमसीएसई प्रमाणपत्राचा फार बोलबाला होता. फुटलेले प्रश्न पाठ करून पास झालेल्यांची संख्या इतकी वाढली की "कागदी एमसीएसई" हा शब्दच तयार झाला. ते प्रमाणपत्र ३१ जानेवारी २०२१ रोजी निवृत्त झाले, पण पाठांतराने मिळवलेली कागदी विद्या काही निवृत्त झालेली नाही.

याला उत्तर नाही असे नाही. रेड हॅट कंपनीची आरएचसीएसए परीक्षा पाहा. तिथे पर्याय नाहीत, खुणा नाहीत. समोर यंत्र देतात आणि कामे करून दाखवायला सांगतात. इंटरनेट नाही, पण प्रणालीबरोबर येणारी मदतीची पाने उघडून पाहायची मुभा आहे. मला हे फार आवडले. अक्षरे पाठ हवीत असा हट्ट नाही, शोधून वाचता आले पाहिजे. आणि त्या परीक्षेची एक अट तर सोन्याने मढवावी अशी आहे: तुम्ही केलेली व्यवस्था यंत्र बंद करून पुन्हा चालू केल्यावरही टिकली पाहिजे. टिकली नाही तर केलेले सगळे वाया. गोव्याच्या पावसाळ्यासाठीच कुणीतरी ही अट घातली असावी असे वाटते. आमच्याकडे किती वेळा "काल तर चालू करून दिले होते सर" हे वाक्य ऐकले आहे! काल दिले होते, रात्री वीज गेली, आज नाही.

पण रेड हॅटलाही एक बोल लावतो. तिथेही बांधायचे-सोडायचे आहे, मात्र माहिती गेलेले यंत्र पुढ्यात टाकून "ही घे डिस्क, यातून उभे कर" असा मुद्दा पहिल्या पायरीच्या यादीत नाही. जी कंपनी वीज गेल्याची परीक्षा घेते तिने डिस्क गेल्याची घ्यायला काय हरकत आहे?

आणखी एक गोष्ट, आपल्या अगदी जिव्हाळ्याची. आमची जुनी माहिती नव्या प्रणालीत हलवली तेव्हा देवनागरीतली सगळी नावे प्रश्नचिन्हे होऊन बसली. सत्यभामा गेली, पुंडलीक गेला, ओळीने नुसती प्रश्नचिन्हे. ज्यांनी जुन्या फॉन्टांवर मराठी-कोंकणी टाईप केले आहे त्यांना हा छळ ठाऊक आहे. भारतीय लिप्यांसाठी १९९१ साली इस्की हे मानक झाले, पुढे युनिकोड आले, आणि दरम्यान प्रत्येक फॉन्टवाल्याने आपली वेगळी चूल मांडली. १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषेचे स्थान मिळाले आणि मराठीचाही सरकारी कामकाजात वापर मान्य झाला. त्या वादात मी आज शिरत नाही. पण दोन्ही भाषांची लिपी देवनागरी, आणि यंत्रात दोघींचीही सारखीच प्रश्नचिन्हे होतात, हे वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी लक्षात घ्यावे. इथे मात्र एलपीआयला दाद द्यायला हवी. भाषा, लिपी, अक्षरांचे संकेत आणि एका संकेतातून दुसऱ्यात बदल हा मुद्दा तिच्या पहिल्याच पायरीवर आहे, वजन तीन. कॅनडात बसलेल्या संस्थेला जे सुचले ते पणजीत बसलेल्या सल्लागाराच्या शंभर प्रश्नांत शोधून सापडले नाही.

आक्षेप मला ठाऊक आहेत. हाताने करायची परीक्षा महाग पडते, तिला यंत्रे लागतात, तपासणारा लागतो. जगभर स्वस्तात परीक्षा घ्यायची तर खुणांचे प्रश्न सोयीचे. हे मी मान्य करतो, आणि गरिबाच्या मुलाला परवडेल अशी परीक्षा असणे हीही छोटी गोष्ट नाही. पण आमची समिती जग जिंकायला निघाली नव्हती. उमेदवार सात होते. एक जुने यंत्र, एक बॅकअप असलेली डिस्क आणि एक तास, एवढाच खर्च होता. आमच्या दीड महिन्याच्या ओव्हरटाईमपेक्षा नक्कीच कमी. दुसरा आक्षेप असा की आता सगळे क्लाऊडवर आहे, बॅकअपची चिंता तिकडचे लोक करतील. गिटलॅबचे बॅकअपही क्लाऊडवरच जायला हवे होते. जायला हवे आणि गेले यात जो फरक आहे तो तपासायला माणूस लागतो.

मी समितीला लिहून दिलेल्या मागण्या पाच होत्या. एक, बॅकअप समोर द्या आणि त्यातून यंत्रणा उभी करून मागा. दोन, परीक्षेच्या मध्येच वीज बंद करा आणि काय उरते ते पाहा. तीन, एक न पाहिलेली कमांड द्या आणि मदतीचे पान वाचून वापरायला सांगा. चार, देवनागरी नावांची फाईल एका प्रणालीतून दुसरीत न्यायला सांगा. पाच, शेवटी एका कागदावर, कारकुनाला समजेल अशा मराठीत किंवा कोंकणीत, काय बिघडले, काय केले आणि पुन्हा झाल्यास काय करावे हे दहा ओळींत लिहायला सांगा. या पाचव्या मागणीवर समितीत हशा पिकला. "निबंद बरोवपाची परिक्षा न्हय ही," असे कुणीतरी म्हणाले. पण आधीच्या मुलाने फोल्डर हलवताना दहा ओळी लिहून ठेवल्या असत्या तर पुढे कुणाच्या तरी त्या डोळ्यांखालून गेल्या असत्या. त्या मुलाला मी दोष देत नाही. त्याच्या तीनही परीक्षांत त्याला हे कुणी विचारलेच नव्हते, आणि जे विचारले जात नाही ते कुणी शिकत नाही हा शिक्षणाचा जुनाच नियम.

माझ्या टिपणीवर "पाहिले" असा शेरा पडला, सही झाली आणि ती फाईलला लागली. चाचणी शंभर प्रश्नांचीच झाली. ज्याला सर्वांत जास्त गुण पडले तो मुलगाही चांगला आहे. त्याला परत आणता येते की नाही हे मला माहीत नाही, त्यालाही माहीत नसेल, आणि ते कळण्याचा दिवस पुन्हा एखाद्या जूनमध्ये येईल.

म्हणून वाचकहो, एक विनंती. तुमच्या शाळेत, पतसंस्थेत, पंचायतीत, देवस्थानच्या कचेरीत, जिथे कुठे तुमचे नाव संगणकात आहे तिथे जाऊन एकच प्रश्न विचारा. "बॅकअप घेता का?" असे विचारू नका, त्याला "हो" हे उत्तर तयार असते. विचारा, "शेवटचा बॅकअप परत आणून कधी पाहिलात? तारीख सांगा." तारीख मिळाली तर त्या माणसाला एक चहा पाजा. नाही मिळाली तर तुमची पोचपावती प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपून ठेवा.